ड्रोनचा सिग्नल तुटतोय? रेंज एक्स्टेंडर घेण्याआधी आणि घेतल्यावर

नवा ड्रोन घरी आला की महिन्याभरात हा प्रश्न पडतोच: खोक्यावर सहा नाहीतर दहा किलोमीटर लिहिलंय, मग आमच्या गच्चीवरून चारशे मीटरवर 'सिग्नल कमकुवत' असं का येतं? मग ऑनलाइन शोधाशोध सुरू होते. तिथे काही शे रुपयांच्या चकचकीत पत्र्यापासून काही हजारांच्या बूस्टरपर्यंत सगळं 'रेंज एक्स्टेंडर' या एकाच नावाने विकायला असतं. यातलं काय खरंच कामाचं आहे, काय कायद्यात बसत नाही आणि कशावर पैसे वाया जातात, हे क्रमाने सांगतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. हौशी माणसाने एक्स्टेंडर घ्यावा तो लांब जाण्यासाठी नव्हे. ड्रोन डोळ्यांना दिसतोय तिथपर्यंत तरी सिग्नल भक्कम राहावा, एवढ्याच हेतूने घ्यावा. अडीचशे ग्रॅमचा ड्रोन तीनशे-चारशे मीटरवर गेला की ठिपका होतो आणि त्याचं तोंड कुठल्या बाजूला आहे हे त्याच्याही आधी कळेनासं होतं. त्यापलीकडे तुम्ही नुसता पडदा बघून उडवत असता. समोरून येणारी घार, पतंगाचा मांजा किंवा हेलिकॉप्टर पडद्यावर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

खोक्यावरचा आकडा कसा वाचायचा

डीजेआय कंपनीचा मिनी २ हा ड्रोन घ्या. त्याच्या माहितीपत्रकात अमेरिकेच्या एफसीसी नियमांनुसार १० किलोमीटर आणि युरोपच्या सीई नियमांनुसार ६ किलोमीटर असे दोन आकडे आहेत. ड्रोन तोच आणि ॲन्टेनाही तोच. फरक आहे तो किती ताकदीने प्रक्षेपण करायची परवानगी आहे याचा. दोन्ही आकडे मोकळ्या माळावरचे आहेत, मध्ये झाड नाही, आजूबाजूला वाय-फाय नाही असे.

आता बॅटरीचा हिशेब करून बघा. नॉर्मल मोडमध्ये हा ड्रोन सेकंदाला १० मीटर जातो, म्हणजे १० किलोमीटरला साधारण १७ मिनिटं. परत यायला तेवढीच. एकूण ३३-३४ मिनिटं झाली आणि कागदावरची उड्डाणवेळ आहे ३१ मिनिटं, तीही वारा नसताना. म्हणजे सिग्नल दहा किलोमीटर पोचला तरी ड्रोन घरी येत नाही. रेंजचं वेड लागलेल्या प्रत्येकाने हे गणित आपल्या ड्रोनच्या आकड्यांनी एकदा मांडावं. एक्स्टेंडरची खरेदी बऱ्याचदा तिथेच थांबते.

पायरी १: उडवायची जागा आधी नकाशावर बघा

भारतात ड्रोन नियम, २०२१ लागू आहेत. डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-संकेतस्थळाच्या नकाशावर हिरवा, पिवळा आणि लाल असे तीन भाग आहेत. हिरव्या भागात जमिनीपासून ४०० फुटांपर्यंत, म्हणजे १२० मीटरपर्यंत, परवानगी न मागता उडवता येतं. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फुटांवर येते. त्याहून जवळ गेलात की भाग पिवळा होतो आणि पुढे लाल. लाल भागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय काहीही उडवायचं नाही.

ड्रोनची नोंदणी करून त्याचा युनिक क्रमांक घ्यावा लागतो. २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंतचा मायक्रो. नॅनोसाठी आणि व्यवसायासाठी न वापरलेल्या मायक्रोसाठी रिमोट पायलट प्रमाणपत्र लागत नाही. इथे एक बारीक गोष्ट आहे. २४९ ग्रॅमच्या ड्रोनला वरून ॲन्टेना, ट्रॅकर किंवा लुकलुकणारा दिवा चिकटवलात की तो वजनाने मायक्रोत जातो. त्यामुळे जी काही सुधारणा करायची ती रिमोटच्या बाजूला करा.

महाराष्ट्रात जागेची पंचाईत जरा जास्तच आहे. पुण्याचा लोहगाव विमानतळ हवाई दलाचा, खडकवासल्याला एनडीए, देवळालीला तोफखाना. मुंबईत पोलीस ड्रोनबंदीचे आदेश वरचेवर काढत असतात, ते नकाशावर दिसतीलच असं नाही. संरक्षित गडकिल्ल्यांवर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते ती वेगळीच. एक्स्टेंडर लावल्याने यातला एकही नियम सैल होत नाही, उलट ट्रायपॉडवर पॅनल लावून उभा असलेला माणूस लांबूनच दिसतो.

पायरी २: फुकटचे उपाय संपवा

सिग्नलच्या दहा तक्रारींतल्या निम्म्याहून अधिक इथेच मिटतात, असा माझा अनुभव आहे. म्हणून ही पायरी सगळ्यात सावकाश करा.

पहिली गोष्ट ॲन्टेनाची दिशा. पुष्कळ जण रिमोटच्या ॲन्टेनाचं टोक बंदुकीसारखं ड्रोनवर रोखतात. साध्या ॲन्टेनाचं प्रक्षेपण टोकातून जवळजवळ होतच नाही, ते बाजूंनी होतं. म्हणून ॲन्टेनाची लांब बाजू ड्रोनकडे हवी, टोक आकाशाकडे किंवा आडवं. चपट्या पट्टीसारखी ॲन्टेना असेल तर तिची सपाट बाजू ड्रोनकडे वळवा. ज्या रिमोटमध्ये ॲन्टेना बाहेर दिसतच नाही, ती मोबाइल पकडणाऱ्या वरच्या क्लॅम्पमध्ये असते. तिथे रिमोट छातीशी आडवा न धरता क्लॅम्पची सपाट बाजू ड्रोनकडे येईल असा धरायचा. ड्रोन अगदी डोक्यावर असेल तर हे सगळं उलटतं: उभ्या ॲन्टेनाचं टोक नेमकं त्याच्याकडे होतं. तेव्हा रिमोट मागे कलंडून धरा.

दुसरी गोष्ट तुमचं शरीर. माणसाच्या शरीरात पाणीच जास्त आणि रिमोटच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी त्यात शोषल्या जातात. ड्रोन पाठीमागे गेला तर मान वळवून बघू नका, पायांसकट अख्खे वळा.

तिसरी गोष्ट उभं राहायची जागा. गाडीच्या टपाजवळ, पत्र्याच्या शेडला टेकून, गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीमागे, मोबाइल टॉवरखाली किंवा उच्चदाबाच्या तारांखाली उभं राहू नका. गच्चीच्या मधोमध उभे असाल तर कठडा आणि खालच्या मजल्यांचं काँक्रीट वाटेत येतं. ड्रोन ज्या बाजूला आहे त्या बाजूच्या कठड्याजवळ या, पण कठड्यावर चढू नका. सह्याद्रीत तर हे अजून स्पष्ट दिसतं. ड्रोन कड्याच्या कडेखाली उतरला आणि तुम्ही पठारावर दहा पावलं आत असाल, तर मध्ये येतो तो काळा कातळ. त्यातून आरपार जाईल असा एक्स्टेंडर बाजारात नाही.

नुसतं 'दिसतंय ना' एवढ्यावरही भागत नाही. रेडिओलहरीला सरळ रेषेभोवती थोडी मोकळी जागा लागते. २.४ गिगाहर्ट्झवर ४०० मीटर अंतर असेल तर मधोमध ही जागा साडेतीन मीटर त्रिज्येची असते. त्यात आंब्याचा शेंडा घुसला तरी ड्रोन दिसत राहतो आणि सिग्नल मात्र खाली येतो. पावसाळ्यात ओल्या पानांचा त्रास आणखी वाढतो. अशा वेळी ड्रोन दहा मीटर वर घ्या, बार परत येतात.

चौथी गोष्ट गर्दी. रिमोटला जोडलेल्या मोबाइलचा हॉटस्पॉट बंद करा. मोबाइलवर विमान मोड लावता आला तर उत्तमच, पण नकाशा आधी उतरवून घ्या. मग ॲपमध्ये ट्रान्समिशनच्या पानावर जाऊन कुठल्या पट्ट्यात किती गोंगाट आहे ते बघा. शहरात २.४ गिगाहर्ट्झ वाय-फायने भरलेलं असतं, तिथे ५.८ गिगाहर्ट्झची दुसरी पट्टी बरी चालते. मोकळ्या रानात उलट: तेवढ्याच अंतरावर ५.८ ची घट २.४ पेक्षा सुमारे साडेसात डीबी (डेसिबल, सिग्नलचा चढउतार मोजायचं माप) जास्त असते आणि झाडांतून ते आणखी कमी जातं. काय निवडावं हे कळत नसेल तर 'ऑटो' ठेवा, आजचे ड्रोन स्वतःहून चांगली निवड करतात.

जाता जाता डीबीचं एवढंच लक्षात ठेवा: ३ डीबी म्हणजे ताकद दुप्पट, पण अंतर मात्र १.४ पट. अंतर दुप्पट करायला ६ डीबी लागतात, म्हणजे चौपट ताकद. 'पॉवर डबल!' असं लिहिलेली वस्तू ५०० मीटरचे ७०० करते, तेही कागदावर. याच हिशेबाने आजूबाजूचा गोंगाट १० डीबीने वाढला की रेंज एक तृतीयांशावर येते. म्हणून गच्चीवरून मैदानावर जाणं हा सगळ्यात मोठा आणि फुकटचा एक्स्टेंडर.

पायरी ३: आहे ती रेंज मोजून ठेवा

एक्स्टेंडर घेऊन लोक म्हणतात, 'फरक वाटतो'. वाटण्यावर जाऊ नका, मोजा. ही चाचणी जमिनीवर होते आणि तिच्यात ड्रोन उडवायचा नसतो.

ड्रोनचे पंखे काढा. मैदानाच्या एका टोकाला प्लास्टिकच्या स्टुलावर ड्रोन ठेवून सुरू करा. सोबतीला एक जण ड्रोनपाशी थांबवा, कुत्रं किंवा पोरं येऊ नयेत म्हणून. आता रिमोट छातीच्या उंचीवर धरून, तोंड ड्रोनकडे ठेवून, पावलं मोजत मागे मागे जा. सिग्नलचा पहिला बार कितव्या पावलाला गेला, दुसरा कितव्याला, चित्र अडखळायला कुठे लागलं, हे लिहून ठेवा. ड्रोन जमिनीलगत असल्याने सिग्नल हवेपेक्षा खूपच लवकर पडतो आणि तेच आपल्याला हवं आहे, कारण मैदान संपायच्या आत फरक कळतो. एक काळजी घ्या. पंख्यांचा वारा नसल्याने ड्रोन तापतो. एका फेरीला पाच मिनिटांपेक्षा जास्त लावू नका आणि दोन फेऱ्यांमध्ये त्याला बंद करून थंड होऊ द्या.

घरी बनवलेला एफपीव्ही, म्हणजे गॉगलमध्ये चित्र बघत उडवायचा ड्रोन असेल तर काम सोपं. रेडिओवरच आरएसएसआय (सिग्नलची ताकद) आणि लिंक क्वालिटी आकड्यांत दिसते, पावलं मोजायचीही गरज नाही. एका जागी उभे राहून एक्स्टेंडर लावा, काढा, आकडा बघा.

तीच वाट, तीच वेळ, रिमोट धरायची तीच पद्धत. आधी एक्स्टेंडरशिवाय, मग लावून, मग पुन्हा काढून. पहिला आणि तिसरा आकडा जुळला तरच मधल्या आकड्याला अर्थ आहे.

पायरी ४: परावर्तक, म्हणजे तो चकचकीत पत्रा

नवशिक्याने काही घ्यायचंच असेल तर हे घ्यावं. ॲन्टेनाच्या मागे वाकवलेला धातूचा पत्रा असतो, त्यामुळे मागे वाया जाणारी लहर पुढे वळते. यात वीज लागत नाही, रिमोट उघडावा लागत नाही, वॉरंटीला धक्का लागत नाही. शिवाय मागच्या बाजूने येणारा वाय-फायचा गोंगाटही अडतो. शहरात याचाच उपयोग जास्त होतो.

लावताना चूक एकच होते, पण ती वरचेवर होते: पत्रा ॲन्टेना आणि ड्रोन यांच्या मध्ये येतो. क्रम असा हवा: तुम्ही, मग पत्रा, मग ॲन्टेना, मग ड्रोन. पत्र्याची आतली, खोलगट बाजू ड्रोनकडे. दोन ॲन्टेना असतील तर दोन्हींना लावा, नाहीतर दोघी वेगवेगळ्या वागतात. आणि पत्रा लावला की रिमोटला 'तोंड' येतं. ड्रोन बाजूला गेला की तुम्हालाही वळावं लागतं, आधी जे आळसाने चालून जात होतं ते आता चालत नाही.

विकत घ्यायच्या आधी घरी करून बघा. जाड पुठ्ठ्यावर हा वक्र काढा: मध्यबिंदू शून्यावर, मध्यापासून दोन्हीकडे ४ सेंटिमीटरवर १ सेंटिमीटर पुढे, ८ सेंटिमीटरवर ४ सेंटिमीटर पुढे. हे बिंदू जोडले की पॅराबोला तयार होतो. या वक्रात १५ सेंटिमीटर उंचीचा चार्टपेपर बसवून त्याला पोळ्या गुंडाळायची ॲल्युमिनियम फॉइल सुरकुत्या न पडू देता चिकटवा. ॲन्टेना सगळ्यात खोल बिंदूपासून बरोबर ४ सेंटिमीटर पुढे आली पाहिजे, तो या वक्राचा नाभिबिंदू आहे. फॉइल पातळ वाटली तरी काळजी नको, २.४ गिगाहर्ट्झची लहर धातूच्या पृष्ठभागात दोनेक मायक्रॉनच शिरते.

फॉइलपेक्षा आकाराकडे लक्ष द्या. या पट्टीतली तरंगलांबी साडेबारा सेंटिमीटर आहे, त्यामुळे काडेपेटीएवढ्या शोभेच्या परावर्तकाने फारसं काही होत नाही. हाताच्या पंजापेक्षा मोठा, नाभिबिंदू नीट जुळलेला असेल तर दोन-तीन डीबी मिळाल्याचं तुमच्या पावलांच्या मोजणीत दिसेल. विकतचा घेतलात तर तो तुमच्याच रिमोटच्या मॉडेलसाठी बनवलेला आहे ना, हे बघा. दुसऱ्या मॉडेलचा क्लिप करून बसतो खरा, पण ॲन्टेना नाभीत येत नाही.

ॲन्टेनाच्या पट्टीवर सरकवायचे तांब्याच्या नळीचे छोटे यागीही (लहर एका दिशेला वळवणाऱ्या काड्यांची रचना) मिळतात. तत्त्व तेच आहे, शलाका म्हणजे लहरींचा झोत थोडा अरुंद. फक्त २.४ साठी बनवलेला यागी ५.८ वर उपयोगाचा नाही. ड्रोन ऑटोमध्ये या पट्टीतून त्या पट्टीत उड्या मारत असेल तर फायदा अर्धामुर्धाच.

पायरी ५: पॅनल ॲन्टेना, पण कनेक्टर ओळखता येत असतील तरच

बाहेरची पॅनल ॲन्टेना, म्हणजे एका दिशेला रोखायची चपटी ॲन्टेना, ७-९ डीबीआय (लहर एका दिशेला किती एकवटते याचं माप) वगैरेची असते. रिमोटला ॲन्टेना स्क्रूने लावलेली असेल, म्हणजे एफपीव्हीच्या गॉगलला किंवा रेडिओ मॉड्यूलला असते तशी, तर ती बदलणं सोपं. बंद रिमोट उघडून आत केबल जोडायची असेल तर नवशिक्याने त्या भानगडीत पडू नये. आतले यू.एफएल कनेक्टर मोहरीच्या दाण्याहून थोडेसेच मोठे असतात आणि ते तीसेक वेळाच काढा-घाला करण्यासाठी बनवलेले असतात.

स्क्रूच्या कनेक्टरमध्ये एक सापळा आहे. एसएमए आणि आरपी-एसएमए दोन्हींचे आटे सारखेच, दोन्ही एकमेकांत छान बसतात. पण मधली पिन बघा. एकात पिन आणि दुसऱ्यात भोक असेल तरच जोड झाला. दोन्हींत भोक असेल तर स्क्रू घट्ट बसूनही विद्युत जोड होत नाही. अशा वेळी ट्रान्समीटर ॲन्टेनाशिवाय चालू होतो, ताकद परत त्याच्याच अंगावर येते आणि आउटपुट चिप जळू शकते. दोन्हींत पिन असेल तर बळजबरीने पिन वाकते. म्हणून लावायच्या आधी उजेडात धरून दोन्ही बाजू बघा, आटे बोटानेच आवळा, पक्कड लावू नका. आणि ॲन्टेना लावल्याशिवाय कधीही पॉवर देऊ नका.

केबल शक्य तितकी आखूड ठेवा. बारीक केबलच्या एका मीटरमध्ये २.४ गिगाहर्ट्झवर दीड-दोन डीबी सहज जातात, ५.८ वर त्याहून जास्त. महागडी ॲन्टेना घेऊन ती दोन मीटर केबलने जोडली तर कमावलेल्यातलं बरंचसं वाटेतच खर्च होतं.

ध्रुवीकरणही, म्हणजे लहर उभी, आडवी की गोल फिरत जाते तेही, जुळलं पाहिजे. उभ्या ॲन्टेनासाठी पॅनलही उभाच. ॲनालॉग एफपीव्हीत गोलाकार ध्रुवीकरण वापरतात, त्यात उजवं आणि डावं असे दोन प्रकार असतात. ड्रोनवर उजवं आणि गॉगलवर डावं लावलंत तर पाचशे मीटर सोडाच, मैदानाच्या दुसऱ्या टोकालाही चित्र फाटेल.

पॅनल ट्रायपॉडवर लावला की तुमच्यासोबत वळत नाही. ड्रोन शलाकेच्या बाहेर गेला की साध्या ॲन्टेनापेक्षाही वाईट अवस्था होते. त्यामुळे एक मित्र पॅनलपाशी हवाच. तोच आकाशावर नजर ठेवायचंही काम करतो.

पायरी ६: बूस्टरपाशी थांबा

बूस्टर म्हणजे रिमोट आणि ॲन्टेना यांच्यामध्ये बसणारा ॲम्प्लिफायर. जाहिरातीत सगळ्यात आकर्षक हाच आणि मी घेऊ नका म्हणतो तोही हाच.

नदीच्या पलीकडच्या काठावर असलेल्या माणसाला तुम्ही भोंगा लावून हाक मारलीत. त्याला ऐकू गेलं. पण त्याच्याकडे भोंगा नाही, त्याचं उत्तर तुमच्यापर्यंत येत नाही. नुसत्या प्रक्षेपणाच्या बूस्टरने हेच होतं. रिमोटची आज्ञा लांब जाते, पण चित्र पाठवायचं ते ड्रोनने, आणि त्याच्या इवल्याशा ट्रान्समीटरची ताकद तेवढीच राहते. मुळात चित्राला आज्ञेपेक्षा कितीतरी जास्त डेटा लागतो, म्हणून आधी तुटतं ते चित्रच. म्हणजे जे आधीच मजबूत होतं तेच तुम्ही पैसे देऊन आणखी मजबूत केलंत. परावर्तक आणि पॅनल मात्र पाठवताना जेवढी मदत करतात तेवढीच ऐकतानाही करतात. दोन्ही दिशांनी काम करणारे बूस्टरही मिळतात. पण ते आजच्या ड्रोनच्या भराभर बदलणाऱ्या चॅनलशी जुळले पाहिजेत, तापतात, वेगळी बॅटरी मागतात आणि स्वस्तातले गोंगाटही तितक्याच निष्ठेने वाढवतात.

कायद्याची बाजूही आहे. भारतात २.४ गिगाहर्ट्झची विनापरवाना पट्टी २००५ च्या अधिसूचनेने मोकळी झाली, ती १ वॅट ट्रान्समीटर आणि ॲन्टेना धरून एकूण ४ वॅट प्रभावी प्रक्षेपण, म्हणजे ३६ डीबीएम (प्रक्षेपणाची ताकद डीबीत मोजायचं एकक), या मर्यादेत. आता हिशेब करा. २ वॅटचा बूस्टर म्हणजे ३३ डीबीएम, त्यावर ९ डीबीआयचा पॅनल: ४२ डीबीएम, म्हणजे जवळपास १६ वॅट. मर्यादेच्या चौपट. तोच पॅनल ४०० मिलीवॅटच्या, म्हणजे २६ डीबीएमच्या रिमोटला लावला तर ३५ डीबीएम होतात आणि तुम्ही मर्यादेत राहता. शिवाय असं उपकरण बाहेरून मागवायचं तर दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची मान्यता लागते. 'गिफ्ट' म्हणून आलेलं पार्सल कस्टममध्ये अडकतं ते यामुळेच. तयार परदेशी ड्रोनच्या आयातीवर तर फेब्रुवारी २०२२ पासूनच बंदी आहे.

परदेशात राहणाऱ्या वाचकांसाठी दोन ओळी. युरोपात २.४ गिगाहर्ट्झची मर्यादा ॲन्टेनासकट १०० मिलीवॅट आहे. रिमोट आधीच त्या काठावर असतो, त्यामुळे तिथे मोठी ॲन्टेनासुद्धा मर्यादा ओलांडते. अमेरिकेत सुटा, मान्यता नसलेला ॲम्प्लिफायर प्रमाणित ट्रान्समीटरला जोडणं एफसीसीच्या नियमांत बसत नाही. ॲपमध्ये फेरफार करून 'एफसीसी मोड' चालू करायचे व्हिडिओ दिसतात, त्यांच्याही नादाला लागू नका.

ड्रोन घरी बांधणाऱ्यांना मात्र बूस्टरची गरजच नाही. त्यांनी रेडिओ लिंकच बदलावी. एक्सप्रेस एलआरएससारखी लोरा या लांब पल्ल्याच्या रेडिओ तंत्रावरची लिंक १०० मिलीवॅटवर मोकळ्या जागेत डोळ्यांच्या टप्प्याच्या कितीतरी पुढे जाते.

वाय-फायवर चालणारे छोटे ड्रोन

टेलोसारखा ८० ग्रॅमचा ड्रोन थेट मोबाइलच्या वाय-फायवर उडतो आणि त्याची कागदावरची रेंज १०० मीटर आहे. इथे घरगुती वाय-फाय रिपीटर पॉवर बँकवर चालवून उपयोग होतो. आधी मोबाइलवरून रिपीटरला ड्रोनच्या नेटवर्कशी जोडा, मग मोबाइल रिपीटरच्या नेटवर्कला जोडा. रिपीटर खिशात ठेवू नका, काठीला बांधून डोक्याच्या वर धरा. मध्ये एक टप्पा वाढल्याने चित्र किंचित मागून येतं, तेव्हा वेग कमी ठेवा. खरी अडचण मात्र वेगळीच असते: एवढा हलका ड्रोन सिग्नल संपायच्या आधी वाऱ्यानेच उडून जातो.

पायरी ७: उडवायच्या दिवशी

परतीची उंची आधी ठरवा. आजूबाजूला सर्वांत उंच जे असेल, झाड, टॉवर, इमारत, त्यापेक्षा १५-२० मीटर वर, पण परवानगीच्या मर्यादेत. होम पॉइंट, म्हणजे ड्रोनने परत यायची जागा, नोंदला गेला की नाही ते उडाल्या उडाल्या नकाशावर बघा. सिग्नल तुटल्यावर काय करायचं, या सेटिंगमध्ये 'परत ये' निवडा. 'तिथेच थांब' किंवा 'उतर' हे पर्याय पाण्यावर आणि दरीवर घातक आहेत.

मग याची तालीम करा, कारण सिग्नल तुटल्यावर ड्रोन नीट परत येत असेल तर निम्मी भीती आपोआप जाते. मोकळ्या मैदानात ड्रोन ५०-६० मीटर लांब न्या आणि रिमोट सरळ बंद करा. काही सेकंद तो जागीच थांबेल, मग ठरवलेल्या उंचीवर चढून परत निघेल. अंतर फार कमी ठेवू नका, काही मॉडेल वीसेक मीटरच्या आत असली तर वर न चढता आहे त्या उंचीवरूनच येतात.

वाऱ्याचा विचार सिग्नलइतकाच करा. कोकण किनाऱ्यावर पहाटे मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात. ड्रोन सुसाट आत जातो, सिग्नलचे बार भरलेले असतात, आणि परत फिरवला की वारा नाकावर. दुपारी खारे वारे उलटे, तेव्हा समुद्रावरून परतणं सोपं. नियम साधा: जाताना वाऱ्याविरुद्ध जा, येताना वाऱ्याबरोबर या. ते जमणार नसेल तर बॅटरी ६० टक्क्यांवर आली की फिरा.

हवेत असताना बार पडायला लागले तर पहिल्यांदा रिमोटच्या स्टिकवरची बोटं सोडा, ड्रोन थांबू द्या. ॲन्टेनाची बाजू आणि स्वतःचं तोंड त्याच्याकडे करा. तरी सुधारलं नाही तर ड्रोन वर घ्या. घाबरून खाली आणणं ही नैसर्गिक पण चुकीची हालचाल आहे, त्याने झाडं आणि इमारती आणखी मध्ये येतात. चित्र गोठलं म्हणजे ताबा गेला असं नसतं. आज्ञेची लिंक चित्रापेक्षा जास्त वेळ टिकते, तेव्हा परतीचं बटण दाबा आणि दाबून धरा, आवाज येईपर्यंत. रिमोटची लिंकही गेली असेल तर धावत सुटू नका, बॅटऱ्या काढून घालू नका. रिमोट चालू ठेवून, परावर्तक ड्रोन शेवटचा दिसला त्या दिशेला धरून उभे राहा. ड्रोन परतीच्या उंचीवर चढला की मधला अडथळा सुटतो आणि बहुतेक वेळा लिंक तिथेच परत जुळते.